नाखव्याच्या पडवीतलं पोतं

रमजानचा महिना, ऐन दुपार आणि पहाटेपासून घशाखाली पाण्याचा थेंब नाही, अशा वेळी नजमुद्दीन नाखव्याच्या पडवीत भाताचं पोतं धप्पकन येऊन पडलं. ते टाकणारा दादू गाडीवान घाम पुसत म्हणाला, "नुरुद्दीन खोतांनी धाडलंय. औंदाच्या पिकाची जकात."

"मग माझ्या दारात का टाकतोस?"

"तुमच्यासाठीच हाय."

नाखवा ताडकन उठला. "मला जकात? मी काय भिकारी हाय?"

"मला काय ठावं? सगळा रेवदंडा बोलतो, मंदीत नाखवा बुडाला," असं म्हणून दादूने बैल हाकलले.

रेवदंडा तसं बोलत होता, कारण नाखव्यानेच ते सांगितलं होतं. वर्षभर पडून राहिलेल्या सोन्यानाण्याचा चाळिसावा भाग गोरगरिबांना द्यायचा, हा जकातीचा नियम त्याला तोंडपाठ होता. म्हणूनच गेली चार वर्षं रमजान आला की तो ठिगळाचा सदरा चढवून मशिदीत जायचा आणि सुस्कारा टाकायचा, "द्यायचं मनात लय हाय, पन मचवासुदिक गहाण पडलाय." मचवा कुठेही गहाण नव्हता. शिवाय ती माल वाहायची नाव म्हणजे पोटापाण्याचं साधन, तिच्यावर जकात बसतच नव्हती. बसत होती ती चुलीमागच्या बरणीतल्या चाळीस गिन्न्यांवर.

"परत धाड हे!" तो बायकोवर खेकसला.

"धाडते की," कुलसुम म्हणाली. "काय सांगू? आमच्याकडं रग्गड हाय म्हणून? मग ते आपली जकात मागतील."

"तर ऱ्हाऊ दे!"

"ऱ्हाऊ कसं देऊ? ऐपत असून जकात खायची म्हंजे हराम."

"मग नेऊन खाडीत ढकल!"

"रोज्यात एवढं ओरडू न्हये," म्हणून ती आत निघून गेली.

पोतं पडवीतच राहिलं. येणारा-जाणारा ते बघायचा, 'च् च्' करायचा आणि पुढे जायचा. शिव्या दिल्या असत्या तर नाखव्याने दोन परत केल्या असत्या. ही हळहळ ऐकून मात्र त्याच्या अंगाची लाही लाही व्हायची.

शुक्रवारी ही हळहळ टाळायला नाखवा नमाजेलाही न जाता घरीच बसला होता, तेव्हा गुजराती व्यापारी दयाराम शेठ आला. नाखव्याच्या मचव्यातून मुंबईला जाणारा नारळ याचाच.

"नाखवा, वाईट नाय वाटून घ्यायचा हां. पन आ वेळेला माल दुसऱ्याच्या मचव्यात भरते."

"का?"

"जे माणसावर जकात घ्यायची वेळ आली, तेच्या मचव्याचा शीड तरी धड असेल काय? माझा नारळ बुडेल नी."

नाखव्याला पुढचं काही ऐकू आलं नाही. तो तसाच अनवाणी मशिदीकडे धावला. जुम्म्याची नमाज नुकतीच आटोपली होती आणि खोत चपला शोधत होता.

"खोत!" नाखवा गरजला. "कोन गरीब? तुझ्या सात पिढ्यांनी बघितलं नसंल एवढं सोनं हाय माझ्याकडं! चारशे गिन्न्या! ऐकलंस? चारशे!"

सगळे मागे वळले. मागोमाग आलेला दयाराम शेठ फाटकात उभा राहून ऐकत होता.

मौलवींनी विचारलं, "माशाल्ला! कधीपासून हायत?"

"चार वर्षं झाली!" नाखवा अजून धगधगतच होता.

"मग सालाच्या दहा. चार सालांच्या चाळीस निघतात, नाखवा."

खरा आकडा सांगावा, तर फाटकात दयाराम शेठ उभा; नारळ पुन्हा हातचा जायचा. त्याने सगळा राग खोतावर काढला. "तू मुद्दाम केलंस हे!"

"मुद्दाम?" खोताचा आवाज चिरकला. "चार वर्षं तुझ्यासाठी दुवा मागितली, नज्जू! नमाजेत रडलो तुझ्यासाठी! खोटारड्या, माझं पोतं काढ आधी!" आणि तो एकच चप्पल पायात घालून तरातरा निघून गेला.

घरी येऊन नाखव्याने बरणी उपडी केली. कुलसुम बघतच राहिली. "अवो, चाळिसांवर सालाची एक. आपल्या चारच निघतात. बाकीच्या कसल्या?"

"रागाच्या!"

दयाराम शेठचा नारळ पुन्हा नाखव्याच्याच मचव्यात चढला. पोतं खोताकडे परत गेलं आणि गिन्न्या गावात वाटल्या गेल्या. विधवा जहुराच्या घरावर नवी कौलं चढली, आणि ती भेटेल त्याला सांगू लागली, "बोलायला तिखट, पन असा दाता न्हाय."

पुढच्या रमजानला नाखव्याच्या अंगणात गर्दी जमली. सर्वांत पुढे जहुरा.

"चला, निघा!" नाखवा पडवीतून ओरडला. "माझ्यावर औंदा जकात बसतच न्हाय! अल्लाची कसम, घरात एक गिन्नी न्हाय!"

यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. ते कुणाला पटत नाही हे पाहून त्याच्या कपाळाची शीर तटतटली, कान लाल झाले.

जहुराने ते नीट न्याहाळलं, पदर सावरून ती पायरीवर टेकली आणि मागच्या बायांना म्हणाली, "बसा गं बसा. राग चढतोय त्याला. आता देईल."