पाचशे हातांवरच्या खाजणवाडीची हकिकत

श्रीमेघनायक प्रसन्न. ज्याने पाणी दिले त्याने ते घरात चढवू नये, आणि चढवणेच असेल तर कारकुनास आधी कळवावे, ही त्याचे पायी प्रार्थना. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, चैत्र शुद्ध पंचमी, ते दिवशी दरबार भरला आणि चार राज्यांच्या मोहोरांचे करारपत्र वाचले गेले, तेथून हे वर्तमान. लिहिणार दफ्तरातील कारकून. नाव सांगण्याजोगे नाही, पण डोळे धड होते.

तर मागील तीन वर्षे ऋतू बिघडला होता, आषाढात ऊन आणि मार्गशीर्षात पाऊस ऐसे होऊ लागले, म्हणोन महाराजांस चिंता उपजली. मग सुमंत, म्हणजे परराज्यांशी बोलणे करणारे प्रधान, यांणी अर्ज केला की, पुढील पन्नास वर्षांचे हवामान गणिताने काढावे आणि गावोगावचा बंदोबस्त आधीच करावा, पण हे एकट्या राज्याचे काम नव्हे, परमुलखाचे साह्य घ्यावे. महाराज म्हणाले, "घ्या." मग एका राज्याने गणकयंत्र दिले, ते ऐसे थोर की जगाची उष्णता मोजता मोजता आपणच तापे, आणि त्यास थंड ठेवण्यास तीन दालने लागत, दुसऱ्याने समुद्राची टिपणे दिली, तिसऱ्या, बर्फाच्या मुलखातून इंग्रीदबाई नामे विदुषी आल्या, आणि आमच्या राज्याने मेजवान्या दिल्या, त्यात कसूर केली नाही. यंत्रास झेपावे म्हणोन सगळ्या मुलखावर पंचवीस-पंचवीस कोसांच्या चौकटी आखल्या आणि एका चौकटीस एकच पाऊस, एकच उष्णता, एकच उंची नेमली. आता एका चौकटीत वरती घाटमाथा, मध्ये रान, आणि खाली खाडीकाठी खाजणवाडी आली, सगळ्यांची सरासरी काढिली, ती पाचशे हात भरली. इंग्रीदबाई म्हणाल्या, "हे दुरून पाहण्यापुरते आहे, एका गावास लावू नये." सुमंतांनी मान डोलाविली, आणि करारपत्रात लिहून गावास लाविले.

मग हुकूम सुटला की, खाजणवाडी पाचशे हात उंच, सबब पुराचे भय नाही, थंडीचे आहे. घरटी दोन घोंगड्या द्याव्या. ऐन वैशाखात, अंगाची लाही होत असता, घोंगड्या वाडीस पोचल्या. त्या घेऊन आवडाबाई पाटलीण दरबारी आल्या. बाई पन्नाशीच्या, बोलण्यात फटकळ, पण डोळ्यांत काळजी होती. त्यांचे म्हणणे एवढेच की, वाडीत तांबड्या भाताचे बी आहे, ते खाऱ्या चिखलातही उगवते आणि दुसरीकडे कोठे मिळत नाही. आताशा भरतीचे पाणी ओटीवर येते. तर पावसाळाभर ते बी वाडीमागच्या टेकडीवर, दफ्तर असते त्या सरकारी पाहुणेघरात ठेवू द्यावे. सुमंतांनी करारपत्र उलगडिले आणि मोठ्या कळवळ्याने म्हणाले, "आवडाबाई, टेकडी आम्ही दोरीने मोजिली, ऐंशी हात. तुमची वाडी पाचशे हात. बी टेकडीवर नेणे म्हणजे उंचावरून खाली आणणे. तुमचे बियाणे आम्ही ऐसे धोक्यात घालणार नाही!"

बाई म्हणाल्या, "मालक, पाचशे हातांवर खेकडं कुठनं आली? माझ्या चुलीमागं सकाळी दोन व्हती."

सुमंत म्हणाले, "खेकड्यांचा उल्लेख करारात नाही."

हे ऐकून इंग्रीदबाईंचा चेहरा लाल झाला, आणि त्या तडक वाडीस निघाल्या. होडीतून पाय खाली ठेविला तो गुडघाभर चिखलात गेला, एक वहाण तेथेच राहिली. देवळाच्या खांबावर आवडाबाईंच्या आजेसासूपासून दरसाल पाणी चढे तेथे चुन्याची रेघ ओढिलेली होती, एक्केचाळीस रेघा. इंग्रीदबाईंनी त्या एकेक मोजून लिहून घेतल्या, आणि मग कोसाकोसाची बारीक चौकट आखून यंत्र पुन्हा चालविले. उत्तर आले: वाडी दोन हात उंच, मोठ्या भरतीस जोराचा पाऊस भेटला तर माणसाच्या डोक्यावरून पाणी. "कोणत्या दिवशी, ते यंत्र सांगत नाही," इंग्रीदबाई पोथीतल्या मराठीत म्हणाल्या, "परंतु येईल, हे निश्चित." सुमंत म्हणाले, "उत्तम! चारही राज्यांच्या नव्या मोहोरा उमटल्या की अंमल करू. अकरा महिने लागतील." पावसास तीन आठवडे होते. इंग्रीदबाई दरबाराच्या पायरीवर मटकन बसल्या आणि त्यांस रडू आले, हे मी पाहिले. मलाही वाईट वाटले, पण कारकुनाच्या वाईट वाटण्याने काय होते?

तेव्हा आवडाबाई थेट महाराजांपुढे उभ्या राहिल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "म्हाराज, सुमंतांचं खरं. आमी अडाणी, उलटं बोललो. वाडी पाचशे हात, टेकडी ऐंशी. मग चार राज्यांचं करारपत्र, सरकारी दफ्तर, गाद्यागिरद्या त्या ऐंशी हातांवर का पडून ऱ्हावं? उद्या बुडालं तर? आमच्या उंचावर आणून ठेवा. आमी राखू."

महाराज म्हणाले, "वाजवी आहे. का सुमंत?" आता सुमंतांस नाही म्हणावे तर आपलाच आकडा खोटा ठरे. म्हणाले, "वाजवी आहे."

"आनि पावनेघर रिकामं पडंल, तिथं उंदीर व्हतील," बाई म्हणाल्या, "तर आमची पोती ठेवू. धोका आमच्या माथी." महाराजांनी मोहोर उठविली, आणि जेथे करारपत्र तेथे त्याचे राखणदार, म्हणोन सुमंतांसही वाडीस राहण्याचा हुकूम केला. मग आम्ही बारा गाड्या दफ्तर खाली वाहिले आणि वाडीकरांनी चौसष्ट पोती वर वाहिली, आणि वाटेत एकमेकांस रामराम केला.

आषाढ अमावास्येस दोन प्रहरी भरतीस पाऊस भेटला. आवडाबाईंनी एकेक घर रिकामे करून माणसे टेकडीवर पाठविली, आणि सुमंतांच्या दारी जाऊन तीनदा हाका मारिल्या, "मालक, चला, अजून येळ हाये." सुमंत आतून म्हणाले, "आम्ही करारानुसार सुरक्षित आहोत." मग पाणी आत आले, सुमंत आधी गादीवर, मग माळ्यावर, मग कौले सारून आढ्यावर गेले, आणि करारपत्र चार मोहोरांनिशी खिडकीतून निघून ज्यांचे त्यांस भेटावयास समुद्राकडे गेले. टेकडीवरून आम्ही पाहत होतो. कोणी हसले नाही. खाली घरे पडत होती. मग आवडाबाईंनी होडी सोडिली, आणि कोणी धरील तो त्या निम्म्या वाटेवर होत्या. सुमंतांस उतरवून आणिले तेव्हा त्यांचे दात वाजत होते. बाईंनी पाहुणेघरातील कोरडी सरकारी घोंगडी काढिली, ती त्यांचे अंगावर नीट पांघरली आणि म्हणाल्या, "घ्या मालक. पाचशे हातांवर थंडी फार."

सारांश. त्या चौकटीत त्या दिवशी सरासरी चार बोटे पाणी भरले, ऐसे दफ्तरी नोंदले आहे, आणि ते खोटे नव्हे. घरे एकोणीस पडली. माणूस गेले नाही. खाचरातील रोपे वाहून गेली, राखलेले बी पुन्हा टाकिले, ते तरारले. नव्या करारात चौकट कोसाची जाहली, आणि देवळाच्या खांबावर बेचाळिसावी रेघ ओढिली गेली. ती सुमंतांनी आपल्या हाताने ओढिली, आणि त्यासाठी त्यांस शिडी लागली.