बाबांच्या नावाचा बाक

ओळख कशाला म्हणतात ते मला विचारा! लोक सरकारी कचेरीत खेटे घालून चपला झिजवतात, अर्ज करून करून म्हातारे होतात. मी? मी फक्त फोन उचलतो! शहराच्या बागा ज्या साहेबाच्या हाताखाली आहेत, तो साहेब शाळेत माझ्या शेजारी बसायचा. माझ्या डब्यातलं खाऊन मोठा झालेला माणूस! या ओळखीचा मी घरात इतक्या वेळा उल्लेख केला होता की बायको एकदा म्हणाली, "त्या ओळखीला आता एकदा उन्हात घाला. वास यायला लागलाय."

संधी मिळाली ती बाबांमुळे.

बाबा रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बागेत जायचे. बाग म्हणजे काय, दोन झोपाळे, एक सी-सॉ, टक्कल पडल्यासारखी हिरवळ आणि मोठ्या झाडाखाली एक लाकडी बाक. त्या बाकावर तिघं बसायचे. आमचे बाबा, निवृत्त हेडमास्तर आणि निवृत्त कंपाउंडर. हेडमास्तर सगळ्या जगाच्या चुका काढायचे, कंपाउंडर सगळ्या जगाला रोग असल्याचं सांगायचे आणि बाबा दोघांनाही हसायचे. घरात बाबा दिवसभरात मोजून चार शब्द बोलत. बाकीचे सगळे त्या बाकासाठी राखून ठेवलेले असायचे.

बाक मात्र तिघांपेक्षा म्हातारा होता. मधली फळी सुटली होती. एकजण उठला की ती फळी दुसऱ्याला खालून चिमटा काढायची. त्यामुळे तिघं एकदमच उठायचे, कवायतीतल्या शिपायांसारखे. आणि एका संध्याकाळी हेडमास्तर न सांगता उठले! फळी कडाडली आणि बाबा घरी आले ते मागे दोन्ही हात धरून. विजार वरपासून खालपर्यंत फाटलेली!

सून दारात, नातवंडं दारात, शेजारीण जिन्यात. बाबा भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे आडवे चालत आपल्या खोलीत गेले.

"बस्स!" मी गरजलो. "आता फोन करतो!"

"त्यापेक्षा जाऊन बघून या," बायको म्हणाली.

"बघायचं काय त्यात? ओळख कशासाठी असते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लागला. साहेब कुठल्यातरी बागेत पाहणीला गेला होता आणि त्याच्या मागे गवत कापायचं मशीन विमानासारखं घरघरत होतं.

"अरे, बाबांचं सांगायचं होतं," मी ओरडलो. "आपल्या कोपऱ्यावरच्या बागेत बसतात ना ते!"

"काय झालं बाबांना?"

"काल संध्याकाळी बाकावरून उठायला गेले आणि एकदम गेलं रे!"

"गेले?"

"गेलं म्हणजे काय, पार गेलं! काही शिल्लक नाही!" मी विजारीबद्दल बोलत होतो.

"अरे देवा! बागेतच?"

"बागेतच! सगळ्यांच्या देखत!"

"अरेरेरे! आधी काही त्रास नव्हता?"

"कुरकुर महिनाभर चालूच होती. आम्हीच लक्ष दिलं नाही." हे मी बाकाबद्दल बोलत होतो.

मग साहेबाचा आवाज आला, एकदम मऊ, भिजवलेल्या बिस्किटासारखा. "तू काही बोलू नकोस. मी आहे. त्याच जागी बाबांच्या नावाचा बाक बसवतो. दगडी. कायमचा!"

मी फोन ठेवला आणि बायकोकडे असं बघितलं, जणू एखादा किल्ला जिंकून आलोय! "बाबांच्या नावाचा बाक! दगडी! ऐकलंस?"

बायको म्हणाली, "फळी मागितली आणि डोंगर मिळाला. मला नाही लक्षण बरं दिसत."

दुसऱ्या दिवशी साहेबाचा कारकून घरी आला. वडिलांचं पूर्ण नाव हवं होतं म्हणे. ते सांगायला स्वतः बाबाच पुढे झाले. खुर्ची ओढून समोर बसले आणि नाव अक्षर-अक्षर करून सांगितलं. "आडनावातली वेलांटी दीर्घ आहे हं! दगडावर चूक झाली तर जन्माची राहते." कारकुनाने मान डोलावली. त्याला वाटलं, हे घरातले कुणी काका असावेत. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "सांभाळा स्वतःला." मला वाटलं, काय सुसंस्कृत खातं आहे! एका फाटक्या विजारीबद्दल इतकी कळकळ!

बाक मात्र त्याच संध्याकाळी उचलून नेला. झाडाखाली चारी बाजूंनी पत्रे ठोकले आणि 'काम चालू' अशी पाटी लावली. पाटी लागली म्हणजे काम बंद, हे कुणाला सांगायला नको. तिघं म्हातारे बागेत उपऱ्यासारखे फिरायला लागले. कंपाउंडर कुंपणाच्या कट्ट्यावर टेकले, तर रखवालदाराने उठवलं. हेडमास्तर सी-सॉवर बसले आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी पोर येऊन आदळलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे पाय जमिनीवरून सुटले! त्या दिवसापासून ते बाबांशी धड बोलेनात.

"तुझ्या ओळखीचा झटका हेडमास्तरांच्या कमरेला बसलाय," बाबा जेवताना म्हणाले.

"थोडं थांबा हो बाबा! बाक आला की मिरवत बसाल!"

शेवटी एका रविवारी सकाळी उद्घाटन ठरलं. साहेबाने चक्क मांडव घातला होता! लाऊडस्पीकर, लाल फीत, पांढऱ्या कापडाखाली झाकलेला बाक आणि फीत कापायला वॉर्डाचे सदस्य. बाबांनी ठेवणीतला शर्ट घातला होता. दाढी दोनदा केली होती. हेडमास्तर आणि कंपाउंडरसुद्धा रुसवा सोडून आले होते. साहेब दुसऱ्या टोकाला सदस्यांच्या मागे मागे धावत होता. मला लांबूनच त्याने छातीवर हात ठेवून मान खाली घातली. मीही तसंच केलं. मोठ्या लोकांची नमस्काराची नवी तऱ्हा असेल!

माइकवरून सूचना झाली, "प्रथम आपण सर्वांनी एक मिनिट स्तब्ध उभं राहायचं आहे."

सगळे उभे राहिले. बाबा पहिल्या रांगेत, हात जोडून, डोळे मिटून. मिनिट संपल्यावर त्यांनी हेडमास्तरांना हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कोण जाणे! कुणीतरी मोठं असणार, मांडव बघा की!"

मग सदस्य बोलायला उठले. "त्यांची आणि माझी वैयक्तिक जवळीक होती," असं म्हणून त्यांनी रुमाल काढला. "या बागेवर त्यांनी पोटच्या पोरासारखं प्रेम केलं. अखेरचा श्वासही इथंच घेतला!" बायका हळहळल्या. बाबांनीही चुकचुक केलं. आणि मग कापड सरकलं!

काळा कुळकुळीत दगड. वर सोनेरी अक्षरं. बाबांचं पूर्ण नाव, दीर्घ वेलांटीसकट. नावाआधी एक अक्षर आणि एक टिंब. 'कै.' खाली 'यांच्या स्मरणार्थ'. आणि त्याखाली माझं नाव, 'सुपुत्र' म्हणून.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुढे जाऊन बोटाने अक्षरं चाचपली. लाऊडस्पीकर चालूच होता.

"आजोबा, बाजूला व्हा जरा," सदस्य म्हणाले. "फोटो काढायचाय. आपण त्यांचे कोण?"

"मीच तो," बाबा म्हणाले.

माइकमुळे हे अख्ख्या बागेला ऐकू गेलं. झाडावरचे कावळे तेवढे उडाले, बाकी कुणी हललं नाही. मग मागून एकजण फिस्सकन हसला आणि बांध फुटावा तशी सगळी बाग हसायला लागली! सदस्य हसले, साहेब घाम पुसत हसला. काय करावं ते न कळून मीही हसलो. बाबा हसले नाहीत. ठेवणीतल्या शर्टाची बाही नीट करत ते एकटेच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबाच्या टेबलावर जाऊन हात आपटला. "जिवंत माणसाला मारलंस!"

"तूच म्हणालास, गेले म्हणून!"

"विजार गेली म्हणालो!"

"विजारीसाठी कुणी साहेबाला फोन करतं का?"

'कै.' खोडायचं तर दगड फुटतो, दगड बदलायचा तर सभेत ठराव लागतो आणि जिवंत माणसाच्या नावाने बाक बसवायचा नियमच नाही, असं त्याने समजावलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "बाबांची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत!"

साहेबाने सुस्कारा टाकला. "मग जरा अडचण आहे."

शेजारचा कारकून अगदी मायेने म्हणाला, "कशाला उगाच तोडफोड साहेब? थोडे दिवस थांबा. पाटी आपोआप बरोबर होईल."

मी बाहेर पडलो तो थेट रंगाच्या दुकानात. काळ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश घेतला. ठरावाच्या नानाची टांग! बागेत गेलो, गुडघे टेकले आणि 'कै'च्या मात्रेवर पहिला फटकारा मारला, तोच मागून कॉलर पकडली गेली. रखवालदार!

"लाज वाटत नाही? गेलेल्या माणसाच्या नावाला काळं फासतोस?"

"अहो, माझे वडील आहेत ते!"

"वडिलांच्या नावाला!" तो इतक्या जोरात ओरडला की झोपाळे थांबले. गर्दी जमली. एक बाई म्हणाल्या, वाटणीवरून भांडण असणार. दुसऱ्या म्हणाल्या, असली पोरं जन्मताच कळायला हवीत. मी जीव तोडून सांगत होतो की बाबा घरी आहेत, आत्ता चहा पीत असतील! त्यावर एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "धक्का बसलाय त्याला. पाणी द्या कुणीतरी."

त्यानंतर बाबा बागेत गेले नाहीत. हेडमास्तर दोन-चार वेळा बोलवायला आले, पण त्यांनाच त्या बाकावर बसणं जमेना. "शेजारी तुम्ही आणि पाठीला तुमचं स्मारक," ते म्हणाले. "बोलायचं कुणाशी?" शिवाय तो दगड दुपारभर तव्यासारखा तापायचा आणि अंधार पडता पडता बर्फ व्हायचा. कंपाउंडरांना कंबर धरायला लागली आणि मुलीने त्यांना आपल्या गावी नेलं. हेडमास्तर घरीच बसून टीव्हीच्या चुका काढायला लागले. बाबा गॅलरीत बसत. चार शब्दांचे दोन झाले.

एकदा ऑफिसातून मुद्दाम लवकर आलो. "बाबा, चला, बागेत जाऊ. मी येतो बरोबर."

"कुठं? माझ्या स्मरणाला?"

"असं काय बोलता? मी चांगल्यासाठीच केलं ना? इतका मोठा बाक..."

"मोठा बाक कुणी मागितला होता?" बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले. "एक फळी सुटली होती. खिळे घरात आहेत, हातोडी घरात आहे. मी तुला किती दिवस म्हणत होतो, एकदा चल माझ्याबरोबर, दोघं मिळून ठोकून टाकू. मला खिळा दिसत नाही आता. तू म्हणायचास, वेळ नाही." मग म्हणाले, "फोन करायला होता."

मी आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

परवा मी एकटाच गेलो. का गेलो ते विचारू नका. बाकावर कुणी नव्हतं. कुणी बसतच नाही म्हणे, नाव वाचून लोक पुढं जातात. मी बसलो. दगडाचा गारवा विजारीतून वर चढत होता. फेऱ्या मारणाऱ्या एक बाई माझ्यापाशी येऊन थांबल्या. पाटी बघितली, माझ्याकडे बघितलं.

"तुमचे वडील का?"

"हो."

"रोज दिसायचे हो इथं. माझी फेरी पूर्ण झाली की टाळ्या वाजवायचे! किती हसरे होते!"

मी मान हलवली. घरात टाळ्या कधी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं.

"तुम्हाला मात्र कधी बघितलं नाही त्यांच्याबरोबर."

"मी... जरा कामात असतो."

"असू दे. आता तरी येता," त्या मायेने म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

'अहो, आहेत ते अजून!' असं मी ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण त्या वळून परत आल्या असत्या आणि त्यांनी विचारलं असतं, मग येत का नाहीत?