बुधवारचा पाटा

"बुधवारी तपासणीला साहेब येतील ना, ते माझा तास बघून टाळ्या वाजवतील!" शिक्षकांच्या खोलीत सुलक्षणाबाईंनी जाहीर केलं. "टीव्ही चौथी 'अ'लाच!"

भटवाडीतल्या त्या शाळेत चौथीच्या दोन तुकड्या आणि स्मार्ट टीव्ही एकच. तो कुठल्या वर्गात राहणार, हे साहेब ठरवणार होते. 'ब'चे हर्षद सर त्यावर पाढ्यांची गाणी लावत. बाईंचा बेत मात्र भारी होता. त्यांनी एका संग्रहालयाची वेबसाइट हुडकली होती. पडद्यावर बोट फिरवलं की जुनी भांडीकुंडी गोल गोल फिरायची!

वर्गात ती दाखवताना त्यातला पाटा-वरवंटा पाहून बाई क्षणभर शिकवायचंच विसरल्या. चाळीतली मोरी, ओणवी बसून वाटण वाटणारी आई आणि पाट्यावरचं शेवटचं वाटण बोटानं निपटून चाटणारी सुलू! आई गेली, चाळ गेली. बाईंना फार भरून आलं.

"बाई, असा पाटा आमच्या घरी पण आहे!" श्रुतिका ओरडली.

"मग बुधवारी आण! पडद्यावरचा आणि खरा, शेजारी शेजारी ठेवून बघू."

बुधवारी श्रुतिकाच्या बाबांनी पाटा-वरवंटा स्कूटरवरून आणून टाकला. श्रुतिकानं त्यावर चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये'. साहेब येऊन मागच्या बाकावर बसले. बाईंनी पडद्यावरचा पाटा फिरवायला घेतला, तोच दार धाडकन उघडलं. दारात श्रुतिकाची कमळआजी!

"माझो पाटो खंय?"

"आजी, हात लावू नको! लिहिलंय ना!"

"लिवलेला घाल चुलीत! बाजारातसून बांगडे हाडून बघतंय तर पाटो गायब! आज बुधवार गो बाय, वाटप कशावर वाटू? तुज्या ह्या टीवीवर?"

बाईंनी कपाळावर हात मारला. जन्म मालवणी घरात काढला आणि ऐन माशांच्या दिवशी दुसरीच्या घरचा पाटा मागवला!

"आजी, अर्धा तास थांबा ना," त्या कुजबुजल्या. "साहेब आलेत हो!"

"साहेबांका बसांदेत! पाटो उचलूक माका जमाचा नाय. मी हयच वाटतंय!"

मुलाला फोन करून आजीनं सगळं काढून घेतलं होतं आणि ती तयारीनिशीच आली होती. पिशवीतून किसलेलं खोबरं निघालं, भिजवलेल्या मिरच्या निघाल्या, धणे निघाले. आजीनं फतकल मारली. वरवंटा सुरू झाला आणि अख्खा वर्ग पाट्याभोवती! "आजी, मी!" "ए, माझा नंबर!" टीव्हीवरचा पाटा बिचारा एकटाच गोल गोल फिरत राहिला.

तो आवाज, तो वास! बाईंना राहवेना. त्या पुढे झाल्या, पाट्यावरचं वाटण बोटानं निपटलं आणि साहेबांच्या देखत चाटलं!

वाट लागली, असं मनात येतंय तोवर साहेबांनी खरोखरच टाळ्या वाजवल्या.

"झकास! बाई, असा तास मी पाहिला नाही. टीव्हीकडे एकाही पोरानं ढुंकून बघितलं नाही!"

"थँक्यू सर!"

"म्हणजे तुम्हाला टीव्हीची गरजच नाही. हर्षद सरांना देऊन टाका!"

टीव्ही भिंतीपलीकडे गेला. पाढ्यांची गाणी ऐकत बाईंनी मनाची समजूत घातली, जाऊ दे, आजीचा पाटा तर आहे! पुढच्या बुधवारी परत बोलवू.

गुरुवारी शाळा सुटताना आजी भेटली. पाटा अजून वर्गातच होता.

"तो ठेव गो तुकाच," आजी खुशीत म्हणाली. "काल झिलान, श्रुतिकाच्या बापाशीन, मिक्सर हाडल्यान! किती वर्सां मागत होतंय! तुज्यामुळे झाला बघ."

बुधवार सकाळपर्यंत नांदता असलेला पाटा बाईंनीच खरोखर संग्रहालयात बसवला होता.

पण हार मानतील तर त्या सुलक्षणाबाई कसल्या! पुढच्या बुधवारी घरून खोबरं घेऊन आल्या, चिठ्ठी फाडली, पदर खोचला आणि मुलांदेखत वाटायला बसल्या. खोबरं जेमतेम मोडलं असेल, तोवर बाई कंबर धरून भिंतीला टेकल्या.

श्रुतिका काळजीनं जवळ आली.

"बाई, आजीचा मिक्सर आणू का?"