साळवे मिस्त्री आणि वहिनींचा खुबा

चालत्या मशिनीला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, "बेरिंग गेलं!" आमच्या शेजारचे साळवे मिस्त्री सुप्याच्या कारखान्यातून रिटायर झाले, पण ही खोड काही रिटायर झाली नाही. गल्लीतले मिक्सर, पिठाची गिरणी, माझा कूलर, कुणाचीच सुटका नाही. वैताग म्हणजे निकाल कधी चुकत नाही.

मग वहिनींचा खुबा झिजला. चार पावलं टाकायची तरी भिंत धरायच्या. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधा बदला. झालं! मिस्त्रींनी वही काढली. धातूच्या गोळ्याला प्लास्टिकची वाटी, सिरॅमिकला सिरॅमिक, सिरॅमिकला प्लास्टिक, असे नव्या सांध्याच्या जोड्यांचे रकाने आखले आणि तीनदा मला गाडी काढायला लावून डॉक्टरांना गाठलं.

"साहेब, घासल्यावर भुगा पडनार. मशिनीत आमी ऑईल बदलतो. हितं भुगा जानार कुठं?"

"अंगातच राहतो. फार साठला तर भोवतालचं हाड खातो. पण आताचं प्लास्टिक खूप कमी झिजतं."

"मग दोन्ही सिरॅमिक?"

"झीज सगळ्यात कमी. पण क्वचित तडकतं, कधी चालताना कुईकुई वाजतं."

"वाजनारं बेरिंग मी घरात ठेवनार न्हाई!"

वहिनी बाकावरून कडाडल्या, "अहो, मी बायको हाय का मशीन? दोन महिने झालं, मला ओट्याशी उभं राहवंना!"

माझंही डोकं फिरलं. बाई कळवळतेय आणि हा बाबा रकाने भरतोय!

तेवढ्यात नर्स वहिनींना रक्त तपासायला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "सिरॅमिकचा गोळा, नव्या प्लास्टिकची वाटी. वीसेक वर्षं जावीत. हमी मात्र कुणी देत नाही."

मिस्त्रींनी वही मिटली. आवाज एकदम खाली आला.

"ती अठ्ठावन्नची, मी सत्तरचा. आमाला पोरबाळ न्हाई. वीस वर्षांनी हे परत खोलायची पाळी आली, तर तिला हितवर धरून कोन आननार, साहेब?"

मला स्वतःचीच लाज वाटली. "मी आणीन की, मिस्त्री."

"तुमी माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, मास्तर."

मग मिस्त्री ताठ बसले. "सोमवारचं आपरेशन धरा, साहेब. आन् ती आत आली की यातलं काय बी बोलायचं न्हाई."