वच्छीची पाच घरं

लहान मुलांना जेवायला कसं घालावं, हे मला विचारा! धाकानं नाही, लाडीगोडीनं नाही, चिऊकाऊचे घास करून तर मुळीच नाही. त्याला डोकं लागतं! आणि ते सबंध सोलापुरात फक्त माझ्याकडे आहे, असं मी गेल्या गुरुवारी कट्ट्यावर छातीठोकपणे सांगितलं.

आमची वच्छला सात वर्षांची. भाकरी समोर आली की तिचं तोंड किल्ली हरवलेल्या कुलपासारखं बंद! दिवसभर एका जागी चिंध्यांच्या बाहुल्या मांडून बसायची. अशात मोहोळहून सासूबाईंचं पत्र आलं. 'शनिवारी येते. पोरगी तशीच काटकुळी दिसली तर सोबत घेऊन जाईन.' कचेरीतून आल्याबरोबर माझी टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घालणारी ही पोर घरात नसली, तर मी त्या घरात करू काय?

आणि युक्ती सुचली! पळत पळत जेवण! पाच घरं, दर घरी एक पदार्थ. कुंडलिकरावांकडे भाकरी, खातूनबीकडे मेथीची भाजी, बजाबाईंकडे मटकीची उसळ, पुढच्या दोन घरी शेंगा आणि गाजर. पाय मोकळे, पोट गच्च! पाचही घरच्या पुरुषांना मी सगळं समजावलं.

"व्हय व्हय, सांगतो की घरात," सगळे म्हणाले.

सांगितलं एकानंही नाही! पुरुष घरात काय सांगतात? मी तरी आमच्या सौभाग्यवतीला कुठं सांगितलं होतं?

शुक्रवारी संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला. वच्छी नुकतीच न्हाली होती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. मी तिच्या हातात टोपली दिली. "पाच घरं घ्यायची. दारात उभं राहून 'द्या की' म्हणायचं आणि पळत सुटायचं!"

आता तुम्हीच सांगा! शुक्रवार, कुंकू, टोपली आणि पाच घरं! जोगवाच की हो! घरावर मोठं संकट आलं की देवीच्या नावानं पाच दारी पीठ मागतात, तो जोगवा! हे मला सोडून आळीतल्या प्रत्येक बाईच्या ध्यानात आलं.

बजाबाईंनी टोपलीत पीठ घातलं. "कुनासाठी गं बाई?"

"आबांनी धाडलंय. लवकर द्या की, आबा वाट बघत पडल्यात!"

"अगं आई गं! वाट बघत पडल्यात?"

पडलो होतो खरा. उकाडा होता, म्हणून डोक्यावर ओलं फडकं ठेवून बाजेवर आडवा झालो होतो. डोळे उघडले तर घरात अख्खी आळी!

"या अल्ला! कल तो भले-चंगे थे!" खातूनबीनं डोळ्याला पदर लावला.

मी आशेनं कुंडलिकरावांकडे बघितलं. त्यांनी आधी बायकोकडे बघितलं आणि मग आढ्याकडे!

तेवढ्यात दारात टांगा थांबला. सासूबाई! एक दिवस आधीच! दारातली गर्दी बघून त्यांनी टांग्यातूनच हंबरडा फोडला.

"अहो, मला काही झालेलं नाही!" मी उठलो.

"पडून ऱ्हावा, जावईबापू!" त्यांनी मला परत आडवं केलं. कुणीतरी पाय धरले, कुणीतरी तोंडात काढा ओतला!

इतक्यात वच्छी आली. घामाघूम! खेळाच्या नादात पाचावर थांबलीच नव्हती. आळीला दोन फेऱ्या मारून टोपली काठोकाठ भरून आणली होती.

"आये, लई भूक लागली!"

सासूबाईंनी त्याच पिठाच्या भाकरी थापल्या. पोरीनं मेथीबरोबर दीड भाकरी खाल्ली आणि आणखी मागितली! मला रडूच फुटलं. आनंदानं हो! त्या भरात मी सगळी युक्ती सांगून टाकली.

सासूबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. "पोरगी हितंच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. मी टुणकन उडी मारली. "पन देवीशी चेष्टा न्हाय चालत. जोगवा सुरू केलाय, पाच शुक्रवार पुरं करायचं. आनि ज्याच्यासाठी मागितला, त्यानंच आता मागायचा!"

तेव्हा मंडळी, येत्या शुक्रवारी कपाळभर कुंकू लावलेला एक कारकून टोपली घेऊन तुमच्या दारी आला, तर कृपा करून नाव विचारू नका. पीठ घाला आणि लवकर सोडा. मागून वच्छी "पळा आबा, पळा!" म्हणून ओरडत असते, आणि तिनं निवडलेलं पाचवं घर आमच्या हेडक्लार्कांचं आहे.