चिमाताईंचे दप्तर आणि सोमवारचा ससा

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका बाळांनो, नकाशा वाळवीने खाल्लाय, एक सिंह राज्य करीत होता.

त्याच्या घराण्याची एक जुनी रीत होती. दर दसऱ्याच्या दरबारात महाराज कुणाला ना कुणाला वचन देत. ते सालीच्या कागदावर लिहिले जाई. त्यावर पंजाचा ठसा उमटे, टाळ्या पडत आणि कागद मागच्या गुहेत भिरकावला जाई. पुन्हा त्याचे तोंड कुणी बघत नसे. पिढ्यान्‌पिढ्या सगळे कसे गुण्यागोविंदाने नांदत होते. म्हणजे सिंह खात होता आणि बाकीचे खाल्ले जात होते.

पुढे त्या गुहेला वाळवी लागली. कारभारी तरसराव म्हणाले, एखादे खवले मांजर नेमू या. आता नावात मांजर असले, तरी हे जनावर दूध पीत नाही की उंदीर धरत नाही. अंगभर खवले, हातभर जीभ आणि जेवण एकच, मुंग्या नाहीतर वाळवी. पगाराची कटकट नाही, जेवण जागेवरच. अशा रीतीने चिमाताई खवले जंगलाच्या पहिल्या सरकारी दप्तरदार झाल्या.

तरसरावांना वाटले, बाई खाईल आणि झोपेल. चिमाताई खात होत्या, पण झोपेचे नाव नाही! वाळवी चाटली की खालची अक्षरे दिसत. अक्षरे दिसली की वाचल्याशिवाय राहवत नसे. त्यांना अगदी वेडच लागले. त्यांनी कागद झटकले, ऊन दाखवले, वाखाच्या दोरीने प्रत्येक प्राण्याचा वेगळा गठ्ठा बांधला. जंगलाचा पहिला इतिहासही लिहायला घेतला. आणि गुहेच्या दाराशी पाटी लावली : ‘आपला गठ्ठा मागा. लगेच मिळेल. संध्याकाळी परत करा.’

सरकारी कचेरीत ‘लगेच’! तुमच्या आजोबांना विचारून बघा, असे कधी ऐकले होते का.

पहिला आला ससोबा. त्याच्या गठ्ठ्यात महाराजांच्या पणजोबांचे वचन निघाले, की सोमवारी ससा खाणार नाही. झाले! पुढच्या सोमवारी ससोबा कागद डोक्यावर धरून थेट सिंहाच्या दारात दूर्वा चघळत बसला. ते बघून हरणे धावली. त्यांचा मंगळवार निघाला. रानडुकरांचा बुधवार, सांबरांचा गुरुवार, असे करत वार भरत चालले. राहता राहिला रविवार, तर त्या दिवशी एकाच वेळी सगळ्यांचेच वचन निघाले. सणावारी शपथा जरा सढळ हाताने घेतल्या जात, त्याला कोण काय करणार?

शिवाय ज्याचा वार नसे, तोही दुसऱ्याचा कागद उसना घेऊन हिंडे. महाराजांचे पोट पाठीला लागले. गर्जना करायला जावे, तर जांभई येई. त्यांनी तरसरावांना विचारले, हाकलून देऊ का त्या बाईला?

“छे छे महाराज,” तरसराव म्हणाले. “हाकललं तर बोभाटा होईल. आपण सत्कार करू.”

सत्कार दणक्यात झाला. शाल, श्रीफळ, ‘दप्तरभूषण’ पदवी. भाषणात तरसरावांनी तोंडभर स्तुती केली. ताई एकट्या किती राबतात, असे म्हणून त्यांनी एक अख्खे वारूळ ताईंच्या मदतीला दिले. वाळवीची राणी उपदप्तरदार झाली. लगोलग नवा हुकूमही निघाला, की कोणत्याही अधिकाऱ्याने हाताखालच्या कर्मचाऱ्याला खाऊ नये. टाळ्या पडल्या आणि रीतीप्रमाणे तो हुकूमही गुहेत गेला.

असे वक्तशीर कर्मचारी जंगलाने कधी पाहिले नव्हते. उजाडायच्या आत कामाला लागत आणि गठ्ठ्यामागून गठ्ठे निकाली काढत. चिमाताईंची जीभ वळवळे, पण त्या पडल्या नियमाच्या पक्क्या. बाहेरच्या चार मुंग्यांवर त्या दिवस काढू लागल्या. पोटाचे त्यांना काही वाटत नव्हते, दप्तराचे वाटत होते. जरा हळू घ्या म्हणून राणीला सांगावे, तर ती म्हणे, काम फार साचलंय हो ताई. तरसरावांकडे अर्ज करावा, तर ते म्हणत, मागचा दाखला जोडा. दाखला गठ्ठ्यात आणि गठ्ठा राणीच्या पोटात. ज्या दिवशी इतिहासाचे पहिले प्रकरण गेले, त्या दिवशी चिमाताई कोपऱ्यात बसून हमसून हमसून रडल्या.

आणि सोमवारी ससोबा धापा टाकत गुहेत शिरला.

“ताई, माझा कागद द्या! महाराज म्हणतात, वचनबिचन माहीत नाही, कागद दाखव.”

चिमाताईंनी नुसती वाखाची दोरी पुढे केली. ससोबाने ती पाहिली आणि मागच्या भोकातून जी धूम ठोकली, ती पार शेजारच्या जंगलात.

चिमाताई मात्र जागच्या जागी थबकल्या. कागद दाखव. कागद दाखव! त्यांनी डोळे पुसले, शाल नीट घडी करून ठेवली आणि राणीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. जीभ हळूहळू बाहेर आली.

“ताई, हे काय? नियम आहे!” राणी म्हणाली.

“असेल,” चिमाताई म्हणाल्या. “कागद दाखवा.”

राणीने मागे वळून पाहिले. कर्मचारी नुकतेच शेवटचा कागद संपवून मिशा पुसत होते.

त्या दिवशी चिमाताई पोटभर जेवल्या. रडत रडत जेवल्या, पण जेवल्या.

तात्पर्य : बाळांनो, सरकारी दप्तर खुशाल खावे. आपल्याला वाचवणारा कागद तेवढा ताटात ठेवावा.