ज्याचा त्याचा इतिहास

"'मंडळाची स्थापना पाच मित्रांनी केली,' हे वाक्य मला मान्य नाही," चष्म्यांचं दुकान चालवणारे चष्मेवाले म्हणाले.

पोस्टमास्तरांनी पेन खाली ठेवलं. बैठकीचा हा अकरावा आठवडा होता, आणि वाक्य पहिलंच होतं.

गावातल्या सेवा मंडळाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. रविवारी समारंभ होता, त्याआधी मंडळाचा इतिहास छापून व्हायला हवा होता. निवृत्त पोस्टमास्तरांचं अक्षर सुरेख, म्हणून काम त्यांच्या गळ्यात पडलं. एवढ्यावर निभावलं असतं. पण मंडळाची पहिल्यापासून एक रीत होती, जे काही होईल ते सर्वानुमते. एकाची मान जरी आडवी हलली तरी विषय पुढच्या बैठकीत. बसथांब्यावरच्या बाकाला रंग कोणता द्यायचा, हे ठरायला या रीतीने चार वर्षं लागली. रंग ठरला तेव्हा बाक उरला नव्हता.

"पाच नाही, तर किती होते?" पोस्टमास्तरांनी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

"साडेचार. अध्यक्षांचे वडील अर्ध्या बैठकीतून उठून गेले होते."

"लाकडाचा ट्रक आला होता म्हणून गेले!" अध्यक्ष कडाडले. त्यांची लाकडाची वखार होती आणि आवाजही करवतीसारखा होता. "आणि जाताना पाण्याच्या टाकीला जागा देऊन गेले. ते लिहा आधी."

"जागा असेल तुमची. टाकी माझ्या आजोबांनी उभी केली," कोपऱ्यातून शिंपी म्हणाले.

"त्या टाकीत पाणी कधी बघितलं नाही मी," चष्मेवाले म्हणाले.

"तुमच्या शिबिरातला फुकटचा चष्मा लावून बघितलं असेल!" शिंपी उसळले.

आतल्या खोलीत बॅग भरता भरता पोस्टमास्तरांची बायको हे सारं ऐकत होती. लेकीला मुलगी होऊन तीन महिने झाले होते. आजीआजोबांनी नातीचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. मंडळाच्या इतिहासापायी दोनदा तिकिटं रद्द झाली होती. आता तिसरी, शनिवार सकाळची.

"अहो," सगळे गेल्यावर ती म्हणाली, "पोरगी रांगत दारात येऊन 'कोण पाहिजे?' विचारेल हो आपल्याला."

"शनिवारी निघायचं म्हणजे निघायचं," पोस्टमास्तर म्हणाले. दोन्ही वेळा ते हेच म्हणाले होते.

भांडण नको म्हणून त्यांनी वादाचं वाक्य आलं की गाळायचा सपाटा लावला. टाकी गाळली. चष्म्यांचं शिबिर गाळलं. दोनशे झाडं लावल्याचं गाळलं, कारण जगलेलं एकुलतं झाड आपलं आपणच उगवलं होतं, असं शिंप्यांचं म्हणणं. बुधवारपर्यंत मसुद्याच्या चाळीस पानांची सहा पानं झाली आणि त्यांत गावाचं हवामान तेवढं उरलं. त्यातही उन्हाळा कडक असतो की नाही, यावर चष्मेवाल्यांनी आपलं मत राखून ठेवलं होतं.

"मग माझ्या वडिलांनी पन्नास वर्षं केलं काय? ऊन खाल्लं?" अध्यक्ष ओरडले.

त्यासरशी पोस्टमास्तरांची बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तो तिने असा ठेवला की बशा बोलल्या.

"वहिनी, आता तुम्हीच सांगा," शिंपी म्हणाले.

"सांगते. तिघांचे तीन इतिहास छापा. ज्याचा त्याला. तुमच्या पुस्तकात टाकी तुमची, यांच्या पुस्तकात यांची. शनिवारी घरी पोचतील. रविवारी व्यासपीठावर गुंडाळलेलं पुस्तक हातात धरायचं आणि फोटो काढायचा. उघडून बघतंय कोण?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि काय सांगावं, देवाची करणी, पन्नास वर्षांत पहिल्यांदाच साऱ्या माना एकाच वेळी वरखाली हलल्या.

दोन दिवस पोस्टमास्तरांनी मान मोडून लिहिलं. शनिवारी सकाळी छापखान्यातून तीन पुडकी आली तेव्हा गाडीला पाऊण तास होता. ते कुलूप शोधत होते, बायको पुडक्यांवर नावं चिकटवत होती. स्टेशनच्या वाटेवर तीन दारांत तीन पुडकी टाकून दोघं धापा टाकत गाडीत बसली.

गाडी हलल्यावर त्यांना आठवलं. "आत कुणाचं पुस्तक आहे ते बघून चिकटवलीस ना नावं?"

"आत? पुडकी तर बांधलेली होती. नावं मात्र अगदी सरळ चिकटवली हं."

पोस्टमास्तरांचा चेहरा कोऱ्या पाकिटासारखा झाला. एकेचाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही पोस्टकार्ड चुकीच्या दारात पडलं नव्हतं. "पुढच्या स्टेशनला उतरतो मी!"

"उतरा. मी लेकीकडेच उतरणार."

ते बसून राहिले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि रविवारी नात मांडीवर असताना फोन वाजला तेव्हा तिच्याआधी तेच दचकले.

"पोस्टमास्तर!" करवत चालू झाली. "मला शिंप्याचा इतिहास आलाय."

"माफ करा, घाईत जरा..."

"सबंध वाचला. मला मान्य नाही! माझी आई दवाखान्यात होती, तेव्हा तिथल्या झाडून साऱ्या खाटांच्या चादरी या माणसाने फुकट शिवून दिल्या. त्याबद्दल एक ओळ नाही? आजोबांची टाकी काय घेऊन बसलात? हे घाला आधी!"

फोन ठेवतात तोच चष्मेवाल्यांचा आला. त्यांच्या हाती अध्यक्षांचा इतिहास पडला होता. "शाळेतली सगळी बाकं यांच्या वखारीतून गेली. हा गृहस्थ स्वतः कधी सांगायचा नाही. तुम्हाला लिहायला काय झालं होतं?" पाठोपाठ शिंपी. चष्मेवाल्यांनी एका आंधळ्या म्हातारीला स्वतःच्या गाडीत घालून शस्त्रक्रियेला नेलं होतं, आणि इतिहासात ती म्हातारीच नव्हती.

"म्हणजे आता?" पोस्टमास्तरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"आता काय? समारंभ पुढे ढकललाय. सर्वानुमते. तुम्ही उद्याच परत या, पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायचंय."

बायकोने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "भाऊजी, ते येतील. पण आमची नात चालायला लागल्यावर."

"चालायला? वहिनी, त्याला तर..."

"आठ-नऊ महिने लागतील. काही हरकत?"

इकडे पोस्टमास्तरांनी नातीला अलगद खांद्यावर घेतलं आणि तिने त्यांच्या स्वच्छ सदऱ्यावर दुधाची गुळणी काढली. त्याबद्दल त्यांनी कोणतीही दुरुस्ती सुचवली नाही.